चावणं, फेकणं, पळणं : विशेष शाळेच्या वर्गात काय करावं

आठ मुलांचा वर्ग, एक शिक्षक, हाताशी एक मावशी. त्यातलं एक मूल दिवसातून पाच-सहा वेळा शेजारच्याला चावतं. "याला थांबवायचं कसं?" हा प्रश्न साहजिक आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा: चावल्यामुळे या मुलाला काय मिळतं, किंवा त्याची कशातून सुटका होते?

हे कळेपर्यंत केलेला उपाय अंदाजाने केलेला असतो आणि बऱ्याचदा तोच त्रास वाढवतो. नेहमीचं उदाहरण म्हणजे कोपऱ्यात बसवणं. कामाचा कंटाळा आला म्हणून चावणाऱ्या मुलाला चावल्यावर कोपऱ्यात बसवलं, तर काम टळलं. त्याला हवं होतं तेच झालं. उद्या ते नक्की चावणार. एकटं पडल्यामुळे, कुणी बघावं म्हणून चावणाऱ्या मुलाला तोच कोपरा वेगळा लागतो. चावा एकच, कोपरा एकच, पण परिणाम उलटे. म्हणून "चावण्यावर उपाय काय" याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. "हे मूल, या वेळी, कशासाठी चावतं" याचं देता येतं.

पुढचं सगळं बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या, बोलणं कमी असलेल्या मुलांना समोर ठेवून लिहिलं आहे.

आधी दुखतंय का ते बघा

जे मूल "माझा कान ठणकतोय" असं सांगू शकत नाही, ते कानावर बुक्की मारतं. वागण्यात दोन-चार दिवसांत अचानक फरक पडला असेल, तर वागण्याच्या नोंदीला हात लावण्याआधी शरीर तपासा. दात किडलेत का, हिरडी सुजली आहे का. कानात मळ किंवा पू आहे का. पोट किती दिवसांत साफ झालेलं नाही. बद्धकोष्ठ हे चिडचिडीचं फार दुर्लक्षिलेलं कारण आहे, आणि घरी विचारल्यावर "रोज होते" असं उत्तर येतं, कारण मूल स्वतः संडासला जातं आणि आत कुणी बघत नाही. आठवडाभर बघायला सांगा. मुलीची पाळी जवळ आली आहे का. चष्म्याचा नंबर वाढलाय का, श्रवणयंत्राचा सेल संपलाय का. खडू, माती, भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि रक्तातलं शिसं तपासून घ्यायला पालकांना सांगा.

फिटची औषधं चालू असतील तर त्यात काही बदल झाला का, हे विचाराच. लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर काही मुलं फार चिडचिडी होतात. फेनोबार्बिटोनमुळे काही मुलं चंचल होतात. अशी शंका आली तर तारीखवार नोंद पालकांच्या हाती द्या आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. औषध कमी करा, बंद करा असं शाळेतून कधीही सुचवू नका. फिटचं औषध एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

मधूनच टक लावून बघणारं, हाक मारली तरी न ऐकणारं मूल "लक्ष देत नाही" असं ठरवून मोकळं होऊ नका. काही सेकंद टक, पापण्यांची फडफड, ओठ चावल्यासारखी हालचाल आणि त्यानंतर गोंधळलेलं तोंड असेल तर ती फिट असू शकते. मोबाइलवर पंधरा-वीस सेकंदांचं चित्रण करून ते पालकांना द्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. तुमच्या मोबाइलवर ते ठेवू नका.

पाच दिवस फक्त लिहा

कारण नोंदीतून कळतं, चर्चेतून नाही. शाळेचे पाच दिवस काहीही नवीन उपाय न करता, दर प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं. जोडीला दिवस आणि वेळ. नोंद अशी असावी:

मंगळवार, ११.२०. आधी: ताईंनी मणी ओवायची थाळी पुढे ठेवली, "चल, हे कर" म्हणाल्या. केलं काय: थाळी ढकलली, शेजारच्या मुलीच्या दंडाला एकदा चावला, दाताचे वळ उठले, कातडी फाटली नाही. नंतर: ताईंनी मुलीला जवळ घेतलं, मावशी त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या, ७ मिनिटं झोपाळ्यावर बसला. थाळी पुन्हा पुढे आली नाही.

"फार चिडला", "मुद्दाम चावला", "हट्टीपणा केला" हे शब्द नोंदीत नकोत. ते आपलं मत झालं. त्यातून कारण सापडत नाही. डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. "नंतर" या रकान्यात बहुतेक जण "समजावलं" एवढं लिहून थांबतात, आणि नेमकं तिथेच उत्तर असतं. वरच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: थाळी पुन्हा पुढे आली नाही. अशा दहा-बारा नोंदींपैकी आठ-नऊंचा शेवट असाच होत असेल, तर ते मूल काम टाळण्यासाठी चावतंय.

मोजायचं कसं? शिकवता शिकवता वहीत रेघा ओढणं जमत नाही. साडीला किंवा कुर्त्याला दोन खिसे नसतील तर दोन छोटे बटवे कमरेला लावा; एकात वीस वाल ठेवा आणि दर प्रसंगाला एक वाल दुसऱ्यात टाका. शाळा सुटल्यावर मोजून लिहा. रडणं, ओरडणं अशा लांबणाऱ्या गोष्टींची संख्या कामाची नाही, त्याला मोबाइलचं स्टॉपवॉच लावा: दिवसातून दोनदाच रडला, पण ४० मिनिटं. पळून जाण्याची प्रत्येक वेळ आणि दिशा लिहा. मूल बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच पळतं, नळाकडे, गेटकडे, स्वयंपाकघराकडे, आणि ते ठिकाण म्हणजेच कारण.

औपचारिक मोजमाप हवं असेल, आयईपीत (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) आकडा लिहायचा असेल, तर बेसिक-एमआर ही सूची आपल्याकडच्या मुलांसाठीच तयार झालेली आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेतून १९९२ साली आलेल्या या सूचीच्या दुसऱ्या भागात वर्तन समस्यांच्या ७५ बाबी १० गटांत दिल्या आहेत. प्रत्येक बाबीला कधीच नाही ०, अधूनमधून १, वारंवार २ असे गुण द्यायचे. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा भरली की बदल दिसतो. पण ही सूची काय घडतं ते सांगते, का घडतं ते सांगत नाही. त्यासाठी वरची तीन रकान्यांची नोंदच लागते.

नोंदीतून कारण साधारण चारपैकी एक निघतं: काम किंवा जागा टाळायची आहे, कुणाचं तरी लक्ष हवं आहे, एखादी वस्तू किंवा खाऊ हवा आहे, किंवा ती हालचाल, तो स्पर्श, तो आवाज शरीराला हवा आहे (अथवा नको आहे). एकाच मुलाच्या एकाच वागण्याची सकाळी एक आणि डब्याच्या वेळी दुसरी कारणं असू शकतात. तेव्हा वेळेनुसार वेगळा उपाय करावा लागतो.

काम टाळण्यासाठी असेल तर

विशेष शाळेत सगळ्यात जास्त भेटणारं कारण हेच, म्हणून यावर जरा थांबू.

प्रथम कामाकडेच बघा. मणी लहान आहेत का? बोटांत ताकद आहे का? थाळीत साठ मणी आहेत आणि संपणार कधी हे मुलाला दिसत नाही, हे तर कारण नाही? साठ मण्यांच्या जागी पाच मणी ठेवून पाहा आणि शेजारी रिकामी वाटी ठेवा: वाटीत पाच पडले की झालं. संपणारं काम मूल करतं. तीन सोपी कामं आणि मग एक अवघड, अशी सरमिसळ केली की अवघड कामावरची ढकलाढकली कमी होते.

मग मुलाला सुटका मागायची दुसरी रीत द्या. आत्तापर्यंत त्याच्याकडे एकच होती, दात. त्याऐवजी एक कार्ड.

कार्ड साधारण ८ सेंटिमीटर चौकोनी करा, पिवळ्या कागदाचं. त्यावर मुलाला कळेल असं चित्र: दोन आडवे हात, किंवा तो विश्रांतीला जिथे बसतो त्या सतरंजीचाच फोटो. खाली "थांबू?" एवढा शब्द. लॅमिनेट करून कोपरे गोल कापा, नाहीतर टोकं डोळ्याला लागतात. मागे वेल्क्रोचा मऊ भाग, बाकाच्या उजव्या कडेला खरबरीत भाग. डावखुऱ्या मुलाला डाव्या कडेला. दोन जादा कार्ड करून ठेवा, कारण पहिलं आठवड्याभरात चावून किंवा फाडून होतं.

शिकवायला दोन माणसं लागतात. ताई समोर, मावशी मुलाच्या मागे. ताई काम पुढे ठेवतात. मूल थाळी ढकलायच्या बेतात दिसलं, म्हणजे खांदे ताठले, मान वळली, श्वास जोरात झाला, की मावशी मागून न बोलता त्याचा हात धरून कार्ड उचलून ताईंच्या तळहातावर ठेववतात. ताई लगेच म्हणतात, "थांबू? हो, थांब." थाळी बाजूला, दोन मिनिटं सतरंजीवर. दोन मिनिटांची वाळूची घड्याळं मिळतात. मूल ती फोडत असेल तर स्वयंपाकघरातला घंटी वाजणारा टायमर. वेळ संपली की परत थाळी, आणि त्यात फक्त दोन मणी. ओवले की शाबासकी आणि काम संपलं.

हे दिवसातून दहा-पंधरा वेळा. पहिल्या तीन-चार दिवसांनंतर मावशींनी हात कमी कमी धरायचा: आधी मनगट, मग कोपर, मग नुसतं खांद्याला बोट. मावशींनी तोंडाने "कार्ड दे" असं म्हणायचं नाही. ती सवय लागली की मूल सांगेपर्यंत थांबून राहतं.

इथे काय बिघडतं ते नीट समजून घ्या. एक, कार्ड कपाटात जातं. "सारखं मागतो" म्हणून कुणीतरी उचलून ठेवतं, आणि दात परत येतात. कार्ड कायम हाताच्या अंतरावर हवं. मैदानात, डब्याला, संगीताच्या तासालाही, तिथे गळ्यातल्या पट्टीत नाही तर ताईंच्या कमरेच्या किल्लीच्या कडीत. गळ्यातली पट्टी वापरलीच तर ओढल्यावर सुटणारी घ्या. दोन, "आत्ताच तर दिली होती सुट्टी" असं म्हणून नाकारलं जातं. पहिले दोन आठवडे एकदाही नाकारू नका. मूल दिवसात चाळीस वेळा कार्ड देईल. देऊ द्या. चाळीस वेळा कार्ड म्हणजे चाळीस न बसलेले चावे आहेत. तीन, कार्डावर सुट्टी उशिरा मिळते आणि चावल्यावर लगेच. मूल जिथे लवकर काम होतं तीच खिडकी निवडणार.

दोन आठवडे चावणं उतरलेलं दिसलं, की थोडं थोडं मागायला लागा. कार्ड दिल्यावर "हो, एक मणी, मग थांब." चार दिवसांनी दोन मणी. मग तीन. पाचाच्या पुढे घाईने जाऊ नका. चावणं परत वाढलं तर एक पायरी खाली या.

आणि चावलाच तर? ज्याला चावला त्याला वेगळं करा, जखम बघा, मग थाळी परत पुढे आलीच पाहिजे. काम कमी करा, अगदी एक मणी, हात धरून करून घेतला तरी चालेल, पण चावल्याने काम नाहीसं झालं असं होऊ देऊ नका. रागाने नको, सपाट आवाजात, दोन शब्दांत. मूल खूप पेटलेलं असेल तर आधी पूर्ण शांत होऊ द्या, मग तो एक मणी.

लक्ष हवं असेल तर

पळताना मागे वळून हसतं, फेकल्यावर आधी तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्ही दुसऱ्या मुलाकडे वळलात की सुरू करतं. अशा मुलाला रागावणं हेही लक्षच असतं. वर्गात शांत बसलं की त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, आणि पाटी फेकली की तिघं धावतात.

उपाय हिशेबाचा आहे. नोंदीत तासाला सहा वेळा फेकतो असं निघालं, म्हणजे सरासरी दर १० मिनिटांनी. तर तुम्ही दर ७ मिनिटांनी त्याच्याकडे जा: पाठीवर हात, नाव घेऊन एक वाक्य, टाळीला टाळी. त्याने काही केलं असो वा नसो. मोबाइल थरथरण्यावर लावून खिशात ठेवा, नाहीतर विसरायला होतं. आठवडाभर फेकणं कमी राहिलं की ९ मिनिटं, मग १२. फेकलंच तर न बघता, न बोलता पाटी उचलून ठेवा. जोडीला दुसऱ्या कुणीही "अरे अरे" करायचं नाही.

दुर्लक्ष सुरू केल्यावर आधी वाढतं. दिवा लागला नाही की आपण बटण दोन-चारदा खटखट दाबतो, तसंच. पाटी फेकणारा दप्तर फेकतो, मग बाक ढकलतो. हे साधारण काही दिवस चालतं आणि उतरतं. या चढावर मध्येच कुणी धावून गेलं तर मुलाने शिकलं ते इतकंच: एवढं केलं की येतात. म्हणून चढ सोसण्याची तयारी नसेल, वर्गात बदली शिक्षक असतील, तपासणी यायची असेल, तर तो आठवडा सुरू करू नका. आणि स्वतःला इजा करणाऱ्या, दुसऱ्याला चावणाऱ्या, रस्त्यावर पळणाऱ्या मुलाबाबत दुर्लक्ष हा उपायच नाही. तिथे अडवावंच लागतं. फक्त चेहरा कोरा आणि शब्द कमी.

वस्तू हवी असेल तर

"आता – मग" पट्टी करा. डाव्या चौकटीत कामाचं चित्र, उजव्या चौकटीत मिळणाऱ्या गोष्टीचं. "आता मणी, मग चेंडू." चेंडू मिळालाच पाहिजे, तोही लगेच. एकदा "उद्या देऊ" म्हटलं की पट्टीवरचा विश्वास गेला.

मिळणारी गोष्ट मुलाला खरोखर हवी आहे का, हे गृहीत धरू नका. पाच वस्तू घ्या आणि दोन-दोनच्या जोड्या समोर धरा. पाच वस्तूंच्या दहा जोड्या होतात, पंधरा मिनिटांत आटपतं. जी सगळ्यात जास्त वेळा उचलली ती. पुष्कळदा महाग खेळण्याऐवजी रिकामी बाटली, स्टीलचं झाकण किंवा ताईंच्या बांगड्या निघतात. आवड बदलते, म्हणून दर पंधरा दिवसांनी पुन्हा. खाऊ वापरलाच तर चुरमुऱ्याच्या दोन-चार दाण्यांएवढा. शेंगदाणे, फुटाणे नकोत, गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात. डब्यातलं जेवण, पाणी आणि संडासला जाणं ही बक्षिसं कधीच नव्हेत, ती मिळायचीच.

चकत्यांची पाटी (काम झालं की एक चकती लावायची, ठरलेल्या चकत्या भरल्या की हवी ती वस्तू) वापरायची असेल तर सुरुवात दोन किंवा तीन चकत्यांनी करा, दहाने नाही. आणि मिळवलेली चकती शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. पाटीच हवेत भिरकावली जाते ती यामुळे.

शरीराला हवं-नको असेल तर

हात फडफडवणं, डुलणं, गोल फिरणं, बोटांकडे बघत राहणं: कुणाला इजा नसेल तर सोडून द्या. त्यावर खर्च केलेला वेळ मुलाच्या शिकण्यातून जातो. कानावर हात ठेवून किंचाळत असेल तर आवाज शोधा. प्रार्थनेचा माईक, पंख्याची घरघर, जूनमध्ये पत्र्यावरचा पाऊस, गणपतीच्या आधी बाहेर चाललेला ढोल-ताशाचा सराव. बसायची जागा बदला, माईक बंद करा (तीस मुलांच्या प्रार्थनेला तो लागत नाही), कान झाकणारे मफ द्या. शर्टाची कॉलर चावणाऱ्या मुलाला चावायला सुरक्षित रबरी नळी किंवा डब्यात गाजर, काकडी. डोकं आपटणाऱ्या मुलासाठी मात्र आधी डॉक्टर, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि तोवर भिंतीच्या त्या भागाला गादी. घरगुती प्रयोग नकोत.

आपण बोलतो कसं

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "मारू नकोस" मधला "मारू" मुलाच्या कानावर आधी पडतो, आणि सावकाश समजणारं मूल तेवढंच धरतं. "पळू नकोस" ऐवजी "थांब". "मारू नकोस" ऐवजी "हात खाली". "ओरडू नको" ऐवजी "हळू". काय करायचं ते सांगा.

एका वेळी एक सूचना. "चल आता पाटी ठेव, हात धू आणि डबा घेऊन बस" यातलं शेवटचंच उरतं. सूचना दिली की मनात दहा अंक मोजा आणि गप्प बसा. आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. "डबा उघडशील का?" असं विचारू नका; "नाही" हे त्याचं योग्य उत्तर असतं.

घरची बोली विचारून घ्या. घरी अहिराणी, कोकणी, हिंदी किंवा मारवाडी असेल तर शी, शू, पाणी, दुखतं, पुरे एवढे शब्द तरी घरचेच वापरा. शाळेच्या शब्दात सांगितलेलं न कळल्यामुळे "ऐकत नाही" असा शिक्का बसलेली मुलं कमी नाहीत.

भडका उडाला तर

कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. एक जण त्या मुलाजवळ, एक जण बाकीच्या मुलांना घेऊन बाहेर. हलवायचं बाकीच्यांना, पेटलेल्या मुलाला नाही. एकानेच बोलायचं. दीड हात अंतरावर, तिरकं उभं राहा, दार अडवू नका. कात्री, स्टीलच्या बाटल्या, पाट्या उचला. या वेळी शिकवणं, समजावणं, माफी मागायला लावणं यातलं काहीही मुलाच्या आत पोचत नाही. "मी इथे आहे" एवढं एकदा.

हाताला चावा घेतला असेल तर हात ओढू नका. ओढल्याने कातडी फाटते. हात किंचित त्याच्या तोंडाच्याच दिशेने आत दाबा, जबडा सैल पडतो. नाक दाबू नका. केस धरले असतील तर त्याच्या मुठीवर आपला तळवा ठेवून ती मूठ डोक्याशी घट्ट दाबून धरा, म्हणजे केस ओढले जात नाहीत, आणि दुसऱ्याने शांतपणे बोटं सोडवावीत. कातडी फाटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी बद्दल तिथे विचारा.

मुलाला पालथं पाडून धरणं, छातीवर किंवा पोटावर वजन टाकणं, मान वाकवणं कधीही नाही. श्वास अडकतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. मान दाबली गेली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

शांत झाल्यावरही लगेच कामाला लावू नका. वरून शांत दिसणारं मूल आतून अर्धा-पाऊण तास तापलेलं असतं आणि त्या वेळात छोट्याशा गोष्टीने पुन्हा पेटतं. पाणी द्या, तोंड पुसा, सोपं काहीतरी हातात द्या.

फिट आली तर एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ मोजा. तोंडात चमचा, पाणी काही नाही. चप्पल, कांदा हुंगवणं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना.

वयात आलेली मुलं

पूर्वव्यावसायिक वर्गात (मोठ्या मुलांना कामधंद्याची तयारी शिकवतात तिथे) हा विषय येतोच आणि तो दडपला की बिघडतो. वर्गात गुप्तांगाला हात लावणाऱ्या मुलाबाबत आधी खाज, जंतुसंसर्ग, घट्ट चड्डी बघा. तसं काही नसेल तर शिकवायचं ते "कुठे" हे. "वर्गात नाही" हे अर्धं वाक्य झालं. घरी, स्वतःच्या खोलीत किंवा न्हाणीघरात, दार लावून, हे उरलेलं अर्धं. दोन्ही चित्रं करा, पालकांशी आधी बोला. रागावू नका, हसू नका, हातात दोन हात लागतील असं काम द्या. गालगुच्चे घेणं, मांडीवर बसवणं पाच वर्षांचं असताना चालवून घेतलं की पंधराव्या वर्षी तेच तक्रार बनतं, म्हणून लहानपणापासून नमस्कार, टाळी, हात मिळवणं एवढंच ठेवा.

आणि अचानक एखाद्या व्यक्तीला घाबरणं, कपडे बदलताना किंचाळणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, नको तिथे स्पर्शाची नक्कल करणं दिसलं, तर ती वर्तन समस्या म्हणून हाताळू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार कळवणं बंधनकारक आहे, संस्थेच्या प्रमुखावरही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

मावशी आणि घर

ताईंनी ठरवलेलं मावशींना माहीत नसेल तर ठरलेलं टिकत नाही. एका मुलासाठी एक पान: वागणं काय, कशासाठी, आधी काय करायचं, घडल्यावर काय करायचं, काय करायचं नाही. मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत. वाचणं जड जाणाऱ्या मावशींना करून दाखवा. शनिवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं त्या पानावर बोला. मावशींचं म्हणणं आधी ऐका. शौचालयात, जेवताना, गेटवर मूल कसं असतं हे त्यांनाच दिसतं.

वहीत रोज "आज पुन्हा चावला" असं लिहून पाठवलं तर त्याचं घरी काय होतं याचा विचार करा. कित्येक घरांत मार बसतो, आणि तोही चावल्यानंतर पाच तासांनी, कशासाठी हे मुलाला कळणार नाही असा. घडलेलं लपवायचं नाही, पण ते वहीत नको. फोनवर किंवा समोर सांगा. वहीत त्या दिवशी जमलेली एक गोष्ट लिहा, खरी आणि नेमकी: "आज तीन वेळा स्वतःहून कार्ड दिलं." घरीही एक कार्ड पाठवा, फ्रिजला चिकटवायला. आजी-आजोबांना फोनवर का होईना, सांगा. घरात मुलाचा बराचसा वेळ त्यांच्याबरोबर जातो.

हे अजिबात नाही

बांधून ठेवणं, शौचालयात किंवा अंधारात कोंडणं, तिखट लावणं, चिमटा, सगळ्यांसमोर उभं करणं, डबा काढून घेणं. मुलाने चावलं तर त्यालाही चावून दाखवणं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ मध्ये, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं, चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हे गुन्हे आहेत. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. कायद्याच्या आधीचं कारणही आहे: शिक्षेने वागणं त्या माणसासमोर दबतं, कारण तसंच राहतं, आणि ते मूल पुढच्या वर्षी नव्या ताईंना चावतं.

जूनचे पहिले पंधरा दिवस

मे महिन्याच्या सुट्टीनंतर जुनं वागणं परत येतं. सगळं वाया गेलं असं समजू नका. कार्ड पुन्हा पहिल्या पायरीवर आणा, काम निम्मं करा, वर्ग बदलला असेल तर जुन्या ताईंनी रोज दहा मिनिटं तरी नव्या वर्गात बसावं. एप्रिलमध्ये वर्ग सोपवताना मुलाचं पान, शेवटच्या महिन्याची वालांची नोंद, आवडीच्या वस्तूंची यादी आणि दोन कोरी जादा कार्डं एका पिशवीत घालून नव्या ताईंच्या हातात द्या. बाकाच्या कडेचा वेल्क्रोही नव्या बाकावर पहिल्या दिवसाच्या आधीच, त्याच बाजूला, लावून ठेवा.